पाच चिंचोके

दिग्रसच्या पलीकडे, अरुणावतीला मिळणाऱ्या एका नाल्याकाठच्या गावात नंदकिशोर अठ्ठावीस वर्षं आभाळाचे कारकून होते. कचेरीच्या आवारातलं पर्जन्यमापक त्यांच्याकडे. रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी काचेच्या मापानं मोजायचं आणि आकडा रजिस्टरात चढवायचा. भरलेलं एक माप म्हणजे वीस मिलिमीटर. मोजताना कुणी हाक मारली की गणती चुकते, म्हणून दर मापाला ते ओट्यावर एक चिंचोका ठेवत. पावसाळाभर त्यांचा एक खिसा फुगलेला असायचा. गाव हसायचं, हसो बापडं.

पूर्वी चार चिंचोके लागले तरी गावात आठवडाभर चर्चा चाले. बारा वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका सकाळी पंधरा लागले, वर बारा मिलिमीटर उरले. तीनशे बारा. नंदकिशोर नुसते बघत राहिले. मागे एकदा मोठा आकडा कळवला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, नळ उघडा राहिला होता का? माणूस सरळ, पण साहेबांपुढे हसं होण्याला भ्यायचा. मोजलेलं पाणी तर फेकून झालं होतं. आपणच कुठे दोनदा ठेवले असतील, असं म्हणत त्यांनी पाच चिंचोके उचलून खिशात टाकले, दहाच ठेवले आणि दोनशे बारा लिहिलं.

त्याच पुरात नाल्यावरचा जुना पूल गेला. नव्याची उंची ठरवताना याच रजिस्टरातला सगळ्यात मोठा आकडा धरला. नक्कल नंदकिशोरांनीच करून दिली. तेव्हा तोंड उघडता आलं असतं, नाही उघडलं. पुढे तर कुठलाच पाऊस त्यांनी दोनशे बाराच्या वर जाऊ दिला नाही. गेला असता, तर पुलाची गोष्ट निघाली असती.

तीन वर्षांपूर्वी त्या पुलावरून पाणी गेलं. नंदकिशोरांच्या घरासमोरच्या गॅरेजवाल्या शब्बीरची मुलगी शमा शिवणक्लासहून स्कूटीनं परतत होती. दुसऱ्या दिवशी सापडली. तेव्हापासून पत्र्यावर पाऊस वाजू लागला की नंदकिशोर मनात आपसूक चिंचोके मोजू लागतात. दहाच्या पुढे जायची छाती होत नाही. आणि शब्बीर रोज संध्याकाळी त्यांच्याच ओसरीवर चहाला येतो. पोरगी गेल्यावर नंदूभाऊनं सांभाळलं, असं गावभर सांगतो. ते ऐकणं सगळ्यात वाईट.

नंदकिशोर निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी नागपूरहून शाल्मली आली. पैनगंगेच्या खोऱ्यातली अतिवृष्टी पन्नास वर्षांत कशी बदलली, हा तिचा अभ्यास. शब्बीर बसलेलाच होता. तिनं नकाशा उघडला. आजूबाजूला सगळीकडे मोठ्या पावसाचे आकडे चढत गेलेले, लाल. मधे हे एकच गाव फिकट. तुमचं गाव नशीबवान दिसतं काका, ती सहज म्हणाली.

नंदकिशोरांनी कप बशीत ठेवला.

"नशीबवान नाही बाई. तो आकडा खोटा हाय. पाऊस तीनशे बारा होता. मले भेव वाटलं, मी शंभर कमी लिवला."

मग नक्कल, पूल, पुढचे आकडे, सगळंच सांगून टाकलं. शाल्मली लिहायची थांबली. शब्बीरनं एवढंच विचारलं.

"नंदूभाऊ, खरा आकडा लिवला असता तर पूल किती वर झाला असता?"

"चारेक फूट."

"त्या दिवशी पुलावर पाणी दोन फूट होतं," शब्बीर म्हणाला, आणि चहा तसाच ठेवून उठून गेला.