माझं टेबल सोडून

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात आम्ही काही वर्षं काढली. तासाला एक गाडी, हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ आणि अख्ख्या गावाला पोसणारा मोटारींच्या सुट्या भागांचा एक कारखाना. त्या कारखान्याच्या सॉफ्टवेअर विभागात मी पुण्याहून नोकरीला गेलो होतो. विभागात परदेशी मी एकटाच.

सुरुवातीला मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. विभागप्रमुख पन्नाशीचे, हसतमुख. पहिला बर्फ पडला तेव्हा सकाळीच घरी आले आणि दारातला बर्फ फावड्यानं कसा ओढायचा ते त्यांनी मला शिकवलं. बायकोसाठी मुळ्याचं घरगुती लोणचं पाठवायचे.

मग तिसऱ्या वर्षी वसंतात एक बैठक झाली. मुख्य कचेरीतले पाहुणे आले होते. मी बोलून गेलो की तपासणीच्या प्रोग्राममध्ये चूक आहे, तडा गेलेले भागही तो पास करतोय. प्रोग्राम प्रमुखांनी स्वतः लिहिलेला होता. चूक खरीच होती. प्रमुखांनी सगळ्यांसमोर वाकून माझे आभार मानले. घरी येऊन मी बायकोला हे मोठ्या खुशीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात शिरताना मी नेहमीसारखं ‘ओहायो गोझाइमास’ म्हटलं. एकही मान वर झाली नाही.

तिथं कुणी कुठं फिरून आलं की तिथली मिठाई आणायची आणि प्रत्येकाच्या टेबलावर एकेक ठेवायची, अशी रीत आहे. माझ्या शेजारी बसणारी बाई क्योतोला जाऊन आली. तिनं सगळ्या टेबलांवर मिठाई ठेवली, माझं सोडून. मला वाटलं, संपली असेल. उरलेला अर्धा डबा तिनं माझ्यादेखत आपल्या खणात ठेवला.

मेल येईनाशा झाल्या. बैठकीची खोली बदलायची आणि मला कुणी सांगायचं नाही; मी जुन्या खोलीत एकटा लॅपटॉप उघडून बसायचो. मी लिफ्टमध्ये असलो की लोक पुढच्या लिफ्टसाठी थांबायचे. शेवटी मी प्रमुखांना विचारलं, “माझं काही चुकलं का?”

“छे छे,” ते हसून म्हणाले. “तुमच्याएवढं आम्हाला कुठं कळतं?”

त्या वर्षीच्या हिवाळ्यात पुण्याहून एक मुलगा आला. माझ्या जुन्या कंपनीतला, मीच सुचवलेला. घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहिला. कचरा कसा वेगळा करायचा, कुठल्या दुकानात कोथिंबीर मिळते, सगळं बायकोनं त्याला शिकवलं. “वहिनी, तुमच्या आमटीवर मी इथं जगेन,” असं म्हणायचा. ऑफिसात तो माझ्याबरोबर जेवायचा. इतक्या दिवसांनी कुणीतरी समोर बसून जेवतंय याचंच मला अप्रूप वाटायचं.

एका संध्याकाळी प्रमुख त्याला बाहेर जेवायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या टेबलावर जेवायला बसू लागला. पुढे बहिणीच्या लग्नाला पुण्याला जाऊन आला, तो आंबाबर्फी घेऊन. प्रत्येक टेबलापाशी नीट वाकून वाटत आला. माझ्यापाशी थबकला, प्रमुखांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुढे गेला.

मी त्याला ऑफिसच्या वाहनतळावर गाठलं. “त्यांनी तुला काय सांगितलं?”

“काहीच नाही, सर. इथं कुणी काही सांगत नाही. पण कळतं ना.”

“काय कळतं?”

“तुमच्याशी बोललो तर माझंही तुमच्यासारखं होईल. माझी बायको येतेय, सर. मला इथं राहायचंय.” आणि मग हलकेच म्हणाला, “वहिनींना सांगू नका.”

सांगायची गरजच पडली नाही. त्याच आठवड्यात बायको बाजारातून आली आणि कोट न काढताच खुर्चीत बसली. “त्यानं मला पाहिलं आणि ट्रॉली वळवली,” ती म्हणाली. “मी वेड्यासारखी हाकसुद्धा मारली रे.”

वसंतात माझा करार संपला. तो वाढवणार नसल्याचं मला कळवण्यात आलं. कारण काय, तर मी संवादात कमी पडतो. निरोपसमारंभ मात्र रीतसर झाला. बायकोलाही आग्रहानं बोलावलं होतं. ज्यांनी वर्षभर माझ्याकडे पाहिलं नव्हतं, त्या सगळ्यांनी मला फुलांचा गुच्छ दिला. प्रमुख भाषणाला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. बायकोला जपानी फारसं येत नाही, म्हणून त्या मुलाला तिच्या शेजारी बसवलं होतं. तो खालच्या आवाजात तिला एकेक वाक्य मराठीत सांगत होता.

“ते म्हणतायत, आज आमच्या घरातलाच माणूस चाललाय.”

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. “हे त्यांना वाटतं, की तुला?”

“मी फक्त भाषांतर करतोय, वहिनी.”

टाळ्या झाल्या. मी उठलो, वाकलो आणि शिकवल्याप्रमाणे शुद्ध जपानीत सर्वांचे आभार मानले. मग फोटो काढला. मी मधोमध, प्रमुखांचा हात माझ्या खांद्यावर. फोटोत मी हसतोय.

आता आम्ही तोक्योत, हिगाशी-कसाईत राहतो. आमच्या इमारतीत बरीच मराठी कुटुंबं आहेत, दर महिन्या-दोन महिन्यांनी पुण्याहून कुणीतरी नवं येतं. लिफ्टमध्ये भेटतात, चौकशी करतात. बायको हसून बोलते, स्टेशनचा रस्ताही सांगते. जेवायला मात्र कुणालाच बोलावत नाही. मी एकदा म्हटलं, “अगं, आपलीच माणसं आहेत.”

“माहितीये,” ती म्हणाली आणि गॅस बंद करून आमची दोघांची पानं वाढायला लागली.