टोक बरोबर

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा पाण्याची नळी खांद्यावर घेतली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात मी भांडारातला कारकून होतो; संस्कृत घेऊन एम.ए. झालेला, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की आवाज घशातच अडकणारा. ऐंशीचे दशक संपत आले असताना कारखान्याने कामगारांमधूनच अग्निशमन पथक उभारायचे ठरवले, तेव्हा मी नाव दिले. का दिले, हे पत्नीलाही सांगितले नाही. प्रशिक्षणाच्या अखेरीस कामगारांच्या कुटुंबांसमोर प्रात्यक्षिक होणार होते. त्या दिवशी नळीच्या टोकाची पितळी ब्रँच, जिच्यातून फवारा सुटतो ती, माझ्या हाती असावी एवढीच इच्छा होती.

ठाण्याहून एक निवृत्त फायरमन शिकवायला येत; आम्ही त्यांना ‘साहेब’ म्हणत असू. पहिला आठवडा कँटीनमध्ये फळ्यासमोर गेला. आगीला जळण, हवा आणि उष्णता लागते, तिन्हींपैकी एक काढले की ती विझते. पेटलेल्या तेलावर पाणी मारले तर तेल उसळून पसरते. सगळी उत्तरे मला येत होती. सगळे मला ‘मास्तर’ म्हणू लागले, आणि मला वाटले, ब्रँच आपलीच.

मग आम्ही मैदानात गेलो.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातला एक तरुण आमच्याकडे माल चढवायला होता. त्याने नळीची गुंडाळी उचलली, बाहेरचे टोक एका हातात धरले, कमरेतून एक हेलकावा दिला आणि पाग फेकावा तशी ती फेकली. जाळे पाण्यावर उघडते तशी नळी शेवटपर्यंत सरळ उलगडली. माझी तीन हातांवर पडून पिळली.

“मास्तर, ती नळी आहे, शालजोडी नव्हे!” साहेब ओरडले. “अंथरू नका, फेका!”

सगळे हसले. तोही हसला, मग माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मास्तर, खांद्यानं नको, कमरेतून फेक.” त्यांच्या बोलीत सगळ्यांना ‘तू’च. मला मात्र तो ‘तू’ झोंबला. मी वीस वर्षांत जे पुस्तकांतून मिळवले, त्याहून अधिक त्याला त्याच्या बापाने होडीत उभे करून दिले होते, आणि त्याची त्याला जाणीवही नव्हती. जेवणाच्या सुटीत तो माझ्याकडे आगीचे प्रकार समजून घ्यायला बसे. मी नीट शिकवी. पण त्याला एखादे उत्तर पटकन आले की माझा घास कडू होई.

प्रात्यक्षिकासाठी ब्रँच त्यालाच मिळाली.

साहेबांचा एक नियम होता. नळी एकाने गुंडाळायची आणि दुसऱ्याने तपासायची. हायड्रंटला, म्हणजे पाण्याच्या नळखांबाला, बसणारे टोक बाहेर, ब्रँचचे आत, असे बघून तपासणाऱ्याने मोठ्याने “टोक बरोबर” म्हणायचे. ते म्हटले की पुन्हा कोणी बघत नसे. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी भोंगा झाला, त्या तरुणाने घाईत गुंडाळी केली आणि माझ्यापुढे सरकवली. टोके उलटी होती. मला ते स्पष्ट दिसले.

“टोक बरोबर,” मी म्हणालो. आवाज अजिबात अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी लाकडी खोक्यांचा ढीग पेटवला. त्याने नळी फेकली. ती नेहमीसारखीच देखणी उलगडली. पण त्याच्या हातातले टोक हायड्रंटवर बसेना. बायकामुले हसू लागली. “अरे, जाळ्यात मासा नाही गावला!” कोणीतरी ओरडले. तो धावत जाऊन दुसरे टोक घेऊन आला, जोडले, तोवर खोकी निम्मी जळाली होती.

साहेबांनी संतापून ब्रँच त्याच्याकडून घेतली आणि माझ्या हाती दिली. “तू मास्तरांच्या मागे उभा राहा.”

पाणी आले. ब्रँचने असा झटका दिला की मी मागे कोलमडलोच असतो. पण त्याचा खांदा माझ्या पाठीला भिडला. “मी हाय, मास्तर. सोडू नको,” तो कानाशी म्हणाला. आग विझली. माझी मुलगी पहिल्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला तिच्याकडे बघवेना.

गर्दी पांगल्यावर आम्ही दोघे ओली नळी गुंडाळत होतो. “काल ती उलटी होती,” मी म्हणालो. “मी पाहिली होती.”

त्याचे हात थांबले. “पाहिलीस? नि बरोबर बोललास?”

“हो. ब्रँच मला हवी होती.”

“मग मागून घ्यायचीस ना.” त्याने नळीचा आणखी एक वेढा घातला. मग म्हणाला, “तू बरोबर बोललास म्हनून मी बगितला नाय. खरी आग असती तर मी आत असतो, मास्तर.”

त्याने उरलेली नळी गुंडाळली आणि माझ्यापुढे ठेवली. “बघ.”

आपण शिव्या खाऊ अशी माझी तयारी होती. त्या मिळाल्या असत्या तर बरे झाले असते. इतके थोडके बोलून पुढच्या कामाला लागणे मला या जन्मी जमणार नव्हते, आणि त्याही क्षणी मला त्याचा हेवा वाटला. मी उकिडवा बसलो, बाहेरच्या टोकावरून बोट फिरवले, नळी सैल करून आतले टोकही चाचपले.

“टोक बरोबर,” मी म्हणालो.

“ऐकू नाय आला.”

मी पुन्हा, मोठ्याने म्हणालो. तरी त्याने खाली वाकून स्वतः एकदा पाहिले, आणि मगच गुंडाळी उचलली.