मुकादमानं फाडलेलं पोतं

आमच्या घरात उंदीर म्हणजे पोटापाण्याची सोय होती. मार्केट यार्डात धान्याच्या गाळ्यांमधली पोती उंदीर कुरतडायचे आणि ती फाटलेली पोती शिवून पुन्हा वापरात आणायचं काम माझी आई करायची. वडील त्याच बाजारात हमाल होते. मी सातवीत असताना ते गेले. पाठीवर ओझं असतानाच खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. त्यानंतर आमचं घर दाभण आणि सुतळीवर चाललं. गुलटेकडीच्या वस्तीतली एक भाड्याची खोली, निम्म्या खोलीत पोत्यांचा ढीग, आणि त्या ढिगावर बसून माझा अभ्यास. तागाची धूळ भातात पडायची, अंथरुणात असायची, आईच्या खोकल्यात तर कायमचीच. शाळेत मागे बसणारी मुलगी माझ्या केसांतले तागाचे धागे काढून माझ्या हातात द्यायची. वाईट काही बोलायची नाही, नुसती हातात द्यायची. त्याच घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत पहिलीच. हे मी मान वर करून सांगते, कारण ते कुणी दिलेलं नाही.

नोकरी लागली, पुढे हडपसरला फ्लॅट घेतला आणि आईला म्हटलं, "आता दाभण बंद. या घरात पोतं येणार नाही." ती "बरं" म्हणाली आणि आली. पण गुलटेकडीची खोली तिनं सोडली नाही. आठवड्यातून एकदा बसनं जायची, खोली झाडायची, थोडा वेळ बसायची, संध्याकाळी परतायची. मग एक मुक्काम व्हायला लागला, मग दोन-तीन. हडपसरला असली की हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसलेली असायची. टीव्ही लावून दिला तर टीव्हीकडे बघायची, बंद केला तरी तिकडेच बघत राहायची. जेवण निम्म्यावर आलं. "काय होतंय?" विचारलं की म्हणायची, "काय न्हाय होत. तेच तर... काय बी होत न्हाय इथं." एक दिवस ही तिकडे जाईल आणि परत यायचीच नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. ज्या खोलीतून तिला बाहेर काढता यावं म्हणून मी शिकले, त्याच खोलीत ती एकटी म्हातारी होणार होती.

अशाच एका संध्याकाळी ती गुलटेकडीहून आली ती पदराखाली काहीतरी धरून. तागाचं फडकं दिसलं तशी मी म्हणाले, "आई, पोतं आणायचं नाही ठरलं होतं ना?"

"पोतं न्हाय आणलं. उंदीर आणलाय."

फडक्यात एक पिल्लू होतं. डोळे मिटलेले, अंगावर लव, आख्खं मिळून चिकूएवढंसुद्धा नव्हतं. खोलीतल्या जुन्या पोत्यांत उंदरीनं घर केलं होतं; घरमालकानं औषध टाकलं त्यात ती मेली, बाकीची पिल्लंही गेली, हे एक राहिलं. पोती शिवणाऱ्या बायकांची एक रीत असते. शिवायला घेण्याआधी पोतं उलटं करून दारात झटकायचं. त्यातून पिल्लं पडली तर ती कावळ्यांची. आईनं जन्मभर ती झटकली, आणि त्यात तिला कधी काही वाटल्याचं मी पाहिलं नाही. मग हेच का नाही झटकलं? मी विचारलं होतं. "हाताला गरम लागलं," एवढंच म्हणाली.

कापसाची वात दुधात बुडवून तिनं त्याला जगवलं. डोळे उघडले, दात आले, आणि दात आले तसा प्रश्न आला. उंदराचे दात वाढत राहतात, त्याला सतत काहीतरी कुरतडायला लागतं. आधी माझी चप्पल गेली, मग पडदा. मी पिंजऱ्याचं बोलले तर आई दुसऱ्या दिवशी गुलटेकडीला जाऊन एक चांगलं जाडजूड पोतं घेऊन आली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "माझ्यासाठी न्हाय, त्याच्यासाठी." रात्रीतून त्यानं त्याला मुठीएवढं भोक पाडलं. सकाळी आईनं ट्रंकेतून दाभण काढलं, सुतळी ओवली, आणि ते भोक शिवून टाकलं. पुढच्या रात्री त्यानं शेजारी नवं पाडलं. तिनं तेही शिवलं. मी ऑफिसातून येऊन बघायची तर ही बाल्कनीत पाय पसरून पोतं शिवतेय आणि तो तिच्या खांद्यावर बसून सुतळीचं टोक हुंगतोय. यार्डात सकाळी फाटक्या पोत्यांचे गठ्ठे वाटणाऱ्या माणसाला मुकादम म्हणायचे. आईनं उंदराचं नाव तेच ठेवलं. "काम देतोय मला," म्हणाली, "आन् ह्यो कधी वरडत न्हाय."

तेव्हापासून ती दोन्ही वेळेला नीट जेवायला लागली. गुलटेकडीचे मुक्काम बंद झाले, कारण मुकादमाला एकटं ठेवता येत नव्हतं. खोली मात्र तिनं तशीच ठेवली. "असू दे. ह्याचा काय भरवसा?" म्हणायची.

सोसायटीत बातमी पोचायची ती पोचलीच. सेक्रेटरी मूळचे पेठेतले, निवृत्त शिक्षक. दारात उभं राहूनच म्हणाले, "अहो, आम्ही उंदीर घालवायला माणूस बोलावतो, आणि आपण पाळताय असं ऐकतो."

आई आतून म्हणाली, "बरुबर ऐकलंय."

"हे बघा आजी, गणपतीचं वाहन आहे म्हणून मी गप्प बसतो."

"वाहन हाय ना? मग पार्किंगला जागा द्या की त्याला."

सेक्रेटरींनी चष्मा सारखा केला. "पार्किंग फुल आहे," म्हणाले आणि गेले. पुन्हा आले नाहीत, नोटीसही आली नाही. पुढे कधी जिन्यात भेटले की मात्र विचारायचे, "आपलं वाहन काय म्हणतंय?"

उंदीर फार जगत नाही, हे मी वाचलं होतं. आईला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं उलटल्यावर मुकादमाचे मागचे पाय ओढायला लागले. भोकं लहान होत गेली; मुठीएवढी होती ती बोटाएवढी झाली. शेवटी शेवटी तो नुसता चार धागे ओढायचा आणि दमून पोत्यातच झोपायचा. आई ते चार धागेसुद्धा शिवायची. मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी तो पोत्यात गार सापडला. आई रडली नाही. त्याला बाहेर काढून तिनं सवयीप्रमाणे पोतं तपासलं, धागे विसकटलेली जागा शोधली, दोन टाके घातले, सुतळी दातानं तोडली. मग म्हणाली, "चल." इमारतीच्या मागे, भिंतीलगत कडुनिंब आहे, तिथे आम्ही त्याला पुरलं. सेक्रेटरी वरून बघत होते. खाली आले ते खुरपं घेऊन.

ते पोतं आता बाल्कनीत घडी घालून असतं आणि आई त्यावर बसते. मूळचं पोतं त्यात फार थोडं उरलंय, बहुतेक सगळे टाकेच आहेत. हे लिहिताना मला ती इथून पाठमोरी दिसतेय.

पण तो गेला त्या आठवड्यात माझं लक्ष पोत्याकडे नव्हतं, दाराकडे होतं. तिला थांबवून धरणारा गेला होता. आणि झालंही तसंच. शुक्रवारी सकाळी तिनं चपला घातल्या आणि गुलटेकडीला जाते म्हणाली. मी "कधी येशील?" असं विचारलं नाही. दुपारी ऑफिसात फोन आला. "टेम्पो आणलाय खाली. ट्रंका वर घ्यायला माणूस लागंल."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. स्टोव्ह, दोन पत्र्याच्या ट्रंका, वडिलांचा फोटो, सगळं हॉलमध्ये होतं. "खोली?" मी विचारलं.

"दिली सोडून. आपलं माणूस हितं पुरलंय... आता तिकडं काय करू?"

गुलटेकडीची खोली सुटली. आई आता हडपसरला राहते.