शिवनाथेच्या काठचे शिंपले

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा सेक्टर दोनमध्ये आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. बोलणं अगदी पुस्तकी, अदबीचं. पण आम्ही बौद्ध, म्हणून आमच्याकडे पाणीसुद्धा कधी प्यायले नाहीत.

एका रविवारी शिवनाथ नदीच्या काठी आम्ही ताजे शिंपले भाजत होतो. ते फिरत तिथे आले, थबकले आणि चक्क मांडी घालून बसले. सराईतपणे शिंपले उघडून त्यांनी सात-आठ खाल्ले. मी हादरलोच.

"तुमी? आमच्यासंग?"

"माही मायबी असेच भाजे," ते हळूच म्हणाले. "मीबी तुमच्यातलाच आहो. क्वार्टरमंदी कोनाले सांगू नका."

मग उठून त्यांनी नदीत हात धुतले, बोटांचा वास घेतला आणि पुन्हा धुतले.