भारती पाण्याखाली बोलते

भारती साळवे मला पहिल्यांदा भेटली ती थेट आभाळातून. माझ्या मास्तर वडिलांची बदली देवळाली प्रवरेला झाली होती. पोहायला शिकायला पाठीला रिकामा डबा बांधून मी विहिरीत हातपाय मारत होतो, तेवढ्यात दहा वर्षांची एक पोरगी गुडघे पोटाशी घेऊन वरून माझ्यावर कोसळली. निम्मी विहीर काठाबाहेर गेली. शेजारच्या उसाचं त्या पाळीचं पाणी तेवढ्यात उरकलं म्हणतात. मी भानावर आलो तेव्हा मी पायरीवर होतो, डबा लिंबाच्या झाडावर होता आणि भारती अजून तळाशीच होती. दम धरून खाली बसणं ही तिची खरी कला. काठावरच्या पोरांना येत होते तेवढे आकडे संपले, तेव्हा ती वर आली.

"काय रे मास्तराच्या, मेला व्हय?"

पुढे ती नर्स झाली आणि साखर कारखान्याच्या लॅबमधल्या सम्राटशी तिचं लग्न झालं. सम्राट अंघोळसुद्धा नळ घट्ट धरून करतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्याने विचारलं, "बांगड्या करू का?" ती म्हणाली, "मला समुद्राच्या तळाशी जाऊन कासव बघायचंय." मोबाईलवर तिने कॅरिबियनमधलं एक चिमुकलं बेट पाहिलं होतं. तिथे स्कूबा, म्हणजे पाठीला हवेची टाकी बांधून मारायची बुडी, म्हणे सगळ्यात स्वस्त. तिघांत खोली आणखी स्वस्त पडते, म्हणून मीही निघालो.

तिकीट इतकं स्वस्त होतं, की विमान एसटीसारखं फाट्याफाट्याला थांबत गेलं. विमानतळांच्या बाकड्यांवर आम्ही बाजरीच्या भाकऱ्या संपवल्या. बेटावर उतरल्या उतरल्या सम्राटने रस्त्याकडेचा ऊस खाऊन पाहिला आणि साखरेच्या उताऱ्याबद्दल नाराजी व्यक्त केली.

स्कूबा शिकवणारा मार्लन धिप्पाड आणि हसरा होता. त्याचा नियम एकच: नळीतून श्वास घेत राहायचा, कोंडायचा नाही. दम कोंडून वर आलं, तर फुप्फुस फाटतं. भारतीने शहाण्यासारखी मान डोलावली, उथळ पाण्यात डोकं घातलं आणि दम धरला. एक बुडबुडा वर येईना! मार्लनने घाबरून तिला ओढून काढलं.

"कशाला काढलं? अजून लई दम हुता माझ्यात!"

"अगं, दम धरायचा न्हाई, सोडायचा!" सम्राट ओरडला.

"पाणी डोक्यावर गेलं की तोंड आपोआप मिटतं. काय करू?"

"घरात कदी मिटत न्हाई ते!"

दिवसभर तेच. संध्याकाळी मार्लनने सांगितलं, उद्या शेवटची नाव. उद्याही श्वास घेतला नाही, तर खोल पाण्यात नेणार नाही.

सकाळी नावेत भारती गप्प बसली होती. डोळे भरलेले. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं, सम्राटनेही नसावं. कारण त्या माणसाने लाईफ जॅकेटवर लाईफ जॅकेट चढवलं आणि नावेचा दोर मिठीत घेऊन तो चक्क समुद्रात उतरला. भारतीने नळी तोंडात धरली. ती बुडी मारणार इतक्यात तो म्हणाला,

"एक सांगतो. माझ्या आईच्या शेंगोळ्यांची चव तुझ्या शेंगोळ्यांना कदी आलीच न्हाई."

पाणचष्म्याच्या काचेमागे भारतीने डोळे वटारले आणि ती पाण्याखाली गेली. मग बुडबुड्यांचा जो लोंढा सुटला! ती नळी न सोडता बोलत होती. बोलायचं म्हणजे श्वास सोडायचा, सोडला की घ्यायचा. मार्लनने खुशीत बोटांनी गोल करून 'झकास'ची खूण केली आणि तिला खोल घेऊन गेला. सम्राट दोराला लटकून वर येणारे बुडबुडे वाचत होता.

"हे माझ्या आईला... हे बहिणीला... हा मोठा आला, तो मला!"

बऱ्याच वेळाने ती वर उसळली.

"कासव! परातीएवढं! माझ्याकडं मान वळवून बघितलं त्यानं!"

"आन शेंगोळ्या?"

"तुमाला आता जन्मात मिळत न्हाईत!" असं म्हणून तिने भर समुद्रात त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सम्राट दोर सोडून चक्क तरंगला.

खाली जाताना नाक चिमटीत धरून कान मोकळे करायचे असतात. बोलण्याच्या नादात ते राहून गेलं आणि तिच्या उजव्या कानाचा पडदा फाटला. नगरच्या डॉक्टरांनी तिला पाण्यात डोकं घालायला कायमची मनाई केली आहे.