ग्रंथालयाच्या बाई

हडपसरच्या आमच्या शाळेत ग्रंथालयाच्या बाई आम्हाला सतरंजीवर ऐसपैस बसून वाचू द्यायच्या. "मार्कांचं राहू दे, आवडेल ते वाच," म्हणत त्यांनीच मला कादंबऱ्यांची गोडी लावली.

नववीत माझे गणिताचे मार्क घसरले, तेव्हा बाबा तडक ग्रंथालयात आले. शेजारी आयटी पार्क उभं राहत होतं आणि मी तिथेच नोकरी करायची, हे त्यांचं ठरलेलं होतं.

"हिला कादंबऱ्या कोण देतं?"

बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अहो, मी तर रोज सांगते, आधी अभ्यास कर. ऐकतच नाही."

बाबांच्या ओरडण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत करायला गेले, तर बाईंनी हळूच नवी कादंबरी पुढे केली. मी ती घेतली नाही. दहावी संपेपर्यंत पुन्हा तिकडे फिरकलेही नाही.