कोरड्या पैनगंगेतला सराव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी आदिलाबादला बँकेत होते. भाचा प्रशांत बोलत होता. "आत्या, बाबा गेले," एवढं म्हणून तो नाक ओढत म्हणाला, "अमावस्या आली जवळ. सरावाचं काय करायचं?" मला इतका राग आला! बाप गेला आणि याला सराव सुचतो. मग गावाकडे जाताना बसमध्ये लक्षात आलं, की दादाने घरात दुसरं काही बोलूच दिलं नव्हतं, तर पोराने तरी दुसरं काय विचारावं...

मनोहरदादा, माझा मोठा भाऊ, आमच्या गावच्या डोंग्याचा माणूस. डोंगा म्हणजे नाव, होडी. आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, तेलंगणात. पलीकडचा काठ महाराष्ट्रात. मधल्या धारेत बुडणारा माणूस कोणत्या राज्यात बुडतो, हे अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. शेजारच्या कमलाकाकू पुरात एका झाडाला धरून होत्या, तेव्हा दोन्हीकडचे लोक फोनवर फोन करत राहिले. नाव आदिलाबादहून ट्रकवर निघाली. ती पोचली तेव्हा झाड होतं, काकू नव्हत्या. त्या दिवसापासून दादाच्या डोक्यात एकच भरलं: नाव आपल्याच काठावर पाहिजे.

त्याने दरख्वास्ती घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका साहेबाने हसून विचारलं, "यहाँ समंदर किधर है?" दादा म्हणाला, "डूबने कू समंदर नै होना साब." साहेब पुढे हसला नाही म्हणतात, पण नावही त्याने दिली नाही. शेवटी कुठल्याशा तलावावरचा सहलीचा जुना फायबरचा डोंगा मिळाला. त्याच्या अंगावर गुलाबी हंस रंगवलेला होता. गाव महिनाभर हसलं. दादाने हंस पुसला नाही, काठावर पत्र्याचं डोंगाघर बांधलं, आणि वल्ही, दोर, जॅकेटं खुंट्यांना टांगली.

आता आमच्या मुलखात काय आहे, डोक्यावर पत्रा असलेली जागा दिसली की लोकांना तिथे कापूस दिसतो. पहिल्याच वर्षी वेचणी सुरू झाली, नदी उतरलेली, आणि डोंगाघर रिकामं. आधी एकाने ठेवला, मग दुसऱ्याने. दिवाळीच्या तोंडावर डोंग्याचा हंससुद्धा दिसेना. त्या ढिगात दादाचाही कापूस होता, हे मुद्दाम सांगते, नाहीतर तो लोकांच्या तोंडी फार थोर होऊन बसेल. आणि मग वरच्या अंगाला अवकाळी कोसळला. नदीच्या मधल्या बेटावर भाजीपाला लावलेलं एक जोडपं अडकलं, पाणी गुडघ्याला लागलं, आणि आमचा डोंगा कापसाखाली! लोक ताडपत्र्या शोधायला पळाले. वल्ही मारणारा गंगाराम सांगतो, की दादाने ताडपत्रीची वाट पाहिली नाही. पहिला भारा त्याने स्वतःचा उचलला आणि चिखलात फेकला. वहिनी दारात उभी. "अहो, अख्ख्या वर्षाचा हाय तो!" ती म्हणाली. दादा म्हणाला, "हो, हाय," आणि दुसरा भारा फेकला. मग सगळ्यांनीच फेकला. ते जोडपं आलं, बाईच्या कडेवर बकरीचं करडू. काठावर पांढरा चिखल झाला होता.

त्यानंतर डोंगाघरात कोणी काडी ठेवली नाही. आणि दर अमावस्येला सराव सुरू झाला. अमावस्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत, म्हणून माणसं मोकळी असतात. पावसाळ्यात पाण्यात, आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यातही! डोंगा खांद्यावर घ्यायचा आणि कोरड्या वाळूतून बेटापर्यंत पळायचं. पलीकडच्या काठावरचे लोक बघायला जमायचे. दादा म्हणायचा, हात विसरले की नदी आली तेव्हा आठवण करून द्यायला कोणी नसतं.

मी पोचले तेव्हा दादाला नेण्याची तयारी झाली होती. दहनानंतर पारावर बोलणं निघालं. म्हातारे म्हणाले, सुतक आहे, सराव राहू द्या. कोणी म्हणालं, आता मनोहर नाही, डोंगा तालुक्याला देऊन टाकू, डोंगाघर तेवढं कामाला येईल. कोणत्या कामाला ते सगळ्यांना समजलं. मला भीती वाटली, खरंच वाटली. एक अमावस्या चुकली की दुसरी चुकते, आणि मग कापूस येतो. प्रशांत मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात वहिनी ओसरीतून म्हणाली, "सुतक आमाले हाय. डोंग्याले काऊन लावून राह्यले? जाय रे प्रशांत."

अमावस्येला तो मुंडन केलेल्या डोक्याने पुढच्या जागी उभा राहिला. ज्या खांद्यांवरून दादा गेला, तेच खांदे डोंग्याखाली आले. ऊन असं की वाळूकडे बघवत नव्हतं. ते पळत बेटापर्यंत आले आणि थबकले. मलाही तेव्हाच कळलं. इथे दादा पडलेला असायचा! त्याला पोहता येत नव्हतं, पाण्याची भीती होती, म्हणून सरावात बुडणारा माणूस नेहमी तोच. वाळूत आडवा होऊन हात हलवायचा, आणि पोरं पोचली की कितीही लवकर पोचोत, उठून ओरडायचा, "मेलो ना मी! चला, परत!"

कोणी कोणाकडे बघेना. गंगारामने डोळे पुसले, डोंगा हळूच खाली ठेवू लागला. मी साठीची बाई, गुडघे दुखतात, इस्त्रीचं लुगडं. चपला काढल्या आणि त्या तापल्या वाळूत आडवी झाले. हात वर केला. प्रशांत धावत आला, त्याने मला काखेत धरून उचललं. तो रडत होता, मीही.

"मेले ना मी!" मी ओरडले. "चला, परत!"

त्यांनी डोंगा उचलला आणि डोंगाघराकडे माघारी निघाले, पुन्हा पहिल्यापासून यायला. मी पुन्हा वाळूत आडवी झाले.